सुई टाकणारा हात, पिशवी उचलणारा हात

ग्रामीण रुग्णालयाच्या वॉर्डात सकाळी कचऱ्याच्या पिशव्या बदलतात. मावशी लाल पिशवीचं तोंड गोळा करतात. पिशवी काठोकाठ भरलेली असते, गाठ बसत नाही. मग त्या वरून तळहाताने दाबतात, हवा काढतात आणि गाठ आवळतात. सुई टोचते ती त्या दाबण्यात. नाहीतर पिशवी उचलताना दुसऱ्या हाताचा आधार खालून दिला जातो, तेव्हा. नाहीतर चालताना पिशवी पोटरीला घासते आणि आतलं टोक साडीतून आत शिरतं.

पिशवी दाबायला नको होती, खालून हात लावायला नको होता, हे खरंच. पण त्या पिशवीत सुई असायलाच नको होती. लाल पिशवी सलाईनच्या नळ्यांची, लघवीच्या पिशव्यांची, कॅथेटरची, वापरलेल्या हातमोज्यांची आणि सुई काढून टाकलेल्या सिरिंजांची. आदल्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला एखाद्या अत्यवस्थ पेशंटपाशी कुणीतरी घाईत ती सुई तिथे टाकली. टाकणाऱ्याचा हात शिकलेला, लस घेतलेला, पगारी रजा असलेला. उचलणाऱ्याचा हात बहुतेक ठिकाणी कंत्राटी.

सफाई कामगारांच्या सुरक्षेची चर्चा निघाली की ती लगेच हातमोजे आणि गमबुटांवर येते. ते हवेतच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण जाड रबरी हातमोजा सुईला अडवत नाही. ओला कचरा, सांडलेलं रक्त, हायपोची (सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची) आग, काचेची कड यांपासून तो वाचवतो. 18 किंवा 20 नंबरची सुई त्यातून सहज जाते. त्यामुळे पिशवी उचलणाऱ्याला वाचवायचं असेल तर काम तिथून काही तास मागे, इंजेक्शन दिलं गेलं त्या खाटेपाशी सुरू करावं लागतं. माझं म्हणणं मुख्यतः एवढंच आहे. बाकीचं सगळं त्याचा तपशील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दवाखान्यातल्या एकूण कचऱ्यापैकी साधारण 85 टक्के कचरा घरातल्यासारखाच असतो: जेवणाचं उरलेलं, कागद, खोकी, औषधांची वेष्टनं. घातक म्हणावा असा सुमारे 15 टक्के, आणि सुया, ब्लेड, काच त्याचाही लहानसा भाग. हा भाग जिथे तयार होतो तिथेच बंद झाला, तर उरलेल्या डोंगराची भीती बरीच कमी होते. तो मिसळला की सगळाच डोंगर घातक होतो, कारण कोणत्या पिशवीत काय लपलंय ते उचलणाऱ्याला कळत नाही.

सुई बंद करायचा डबा कुठे ठेवला आहे यावर निम्मी लढाई ठरते. बऱ्याच वॉर्डांत हब कटर (वापरलेली सुई तोडणारं छोटं यंत्र) आणि पांढरा डबा सिस्टरांच्या टेबलाशेजारी भिंतीला असतो. तपासणीला आलेल्या माणसाला तो बरोबर जागी दिसतो. पण तीस खाटांच्या वॉर्डात सिस्टर एकट्या. त्या किडनी ट्रेमध्ये भरलेल्या सिरिंजा घेऊन निघतात, दहा-बारा पेशंटना देत जातात, आणि परत येतात तेव्हा त्याच ट्रेमध्ये दहा-बारा वापरलेल्या सुया पडलेल्या असतात. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, ट्रे टेबलावर तसाच राहतो. नंतर तो ‘कुणीतरी’ रिकामा करतं, आणि हे कुणीतरी बहुतेक वेळा मावशी किंवा मामाच असतात. उपाय सोपा आहे: इंजेक्शनची ट्रॉली, आणि डबा त्या ट्रॉलीलाच पक्का बांधलेला. सुई पेशंटच्या दंडातून निघाली की पुढच्या एका हालचालीत डब्यात गेली पाहिजे, मध्ये कुठेही टेकता कामा नये. डब्याचं तोंड डोळ्यांच्या पातळीच्या खाली हवं, म्हणजे आत किती भरलं ते दिसतं.

पांढरे, अर्धपारदर्शक, न टोचले जाणारे डबे पुरवठ्यात येतात, पण संपतात. तेव्हा काय वापरायचं नाही ते आधी सांगितलं पाहिजे. रिकामी सलाईनची बाटली नाही. तिचं प्लास्टिक इतकं मऊ असतं की सुई तिच्या बाजूतून बाहेर येते. औषधांचं पुठ्ठ्याचं खोकंही नाही, कारण ओल लागली की त्याचा तळ सुटतो. चालतं ते हायपोचं किंवा जंतुनाशकाचं जाड प्लास्टिकचं रिकामं पाच लिटरचं कॅन. धुऊन, कोरडं करून, त्याचं मूळ लेबल खरवडून काढायचं, जैविक धोक्याचं चिन्ह आणि ‘सुया’ असं मराठीत मोठं लिहायचं. तोंड कापून मोठं करायचं नाही. हात आत जाईल एवढं तोंड असलं की कधी ना कधी हात जातो. तीन-चतुर्थांश भरलं की झाकण कायमचं बंद. डबा उघडून, ओतून, पुन्हा वापरात आणणं हा यातला सर्वांत धोक्याचा प्रकार आहे, आणि तो होतो तो आळसाने नाही तर पुढचा डबा नसतो म्हणून. एका वापरातल्या डब्यामागे दोन रिकामे डबे वॉर्डाच्या कपाटात हवेत. स्टोअरमध्ये असून उपयोग नाही. रात्री स्टोअरला कुलूप असतं.

हब कटरचंही तेच. सुई भोकात घालून दांडा दाबला की सुई हबसकट (सिरिंजला जोडणाऱ्या बुडासकट) तुटून खालच्या डब्यात पडते, आणि उरलेली सिरिंज लाल पिशवीत जाते. लसीकरणाच्या सत्रांमुळे हे यंत्र अगदी उपकेंद्रापर्यंत पोचलेलं आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी. पातं बोथट झालं की सुई तुटण्याऐवजी वाकते आणि अडकते. मग ती ओढून काढताना बोटाला लागते. आणि खालचा डबा भरला की वरच्या सुया भोकाशी उभ्या राहतात. म्हणून महिन्यातून एकदा कोऱ्या सिरिंजवर कटर चालवून बघायचा. कड स्वच्छ तुटली तर ठीक, चेपली तर कटर बदलायचा. काही ठिकाणी विजेवर सुई जाळणारी यंत्रं अजून दिसतात. वीज गेली की ती बंद, चालू असली तरी हबजवळचा तुकडा उरतो, आणि तो तुकडाही टोचतो.

टोपण परत लावण्याची सवय फार चिवट आहे. कारण त्यामागे चांगला हेतू असतो: उघडी सुई टाकण्यापेक्षा टोपण लावलेली बरी, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही हातांनी टोपण लावताना लावणाऱ्याच्याच दुसऱ्या हाताला सुई लागते, आणि लावलेलं टोपण पिशवीत दोन-चार धक्क्यांनी निघून येतं. लावणं अगदी टळत नसेल तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एका हाताने सुईच त्यात सरकवायची. दुसरा हात पाठीमागे.

मात्र पिशवीत सापडणाऱ्या सुया बहुतेक वेळा इंजेक्शनच्या साध्या सुया नसतात. त्यांच्यासाठी निदान यंत्र तरी आहे. जी टोकं कुणाच्या डोळ्यांसमोर ‘सुई’ म्हणून येत नाहीत, ती पिशवीत जातात. सलाईनच्या बाटलीत हवा जावी म्हणून वरून खुपसलेली सुई हे त्यातलं पहिलं उदाहरण. बाटली संपते, सेट काढला जातो, बाटली लाल पिशवीत जाते, आणि ती सुई बुडात उभीच असते. आयव्ही सेटचा बाटलीत घुसणारा अणकुचीदार प्लास्टिकचा दांडा पातळ पिशवी फाडू शकतो. इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) लावल्यावर निघालेली लांब सुई खाटेवरच राहते, चादरीच्या घडीत जाते, आणि धोब्याला टोचते. लहान मुलांना लावायच्या स्काल्प व्हेनची (बारीक सुई जोडलेल्या सेटची) नळी वेटोळ्यासारखी असते. डब्यात टाकली तरी ती उसळून टोक बाहेर काढते, म्हणून आधी सुईचं टोक आत सोडायचं आणि मग नळी. बोटाला टोचायची लॅन्सेट. टाके घातल्यावर गॉजमध्ये विसरलेली वाकडी सुई: ऑपरेशन थिएटरमध्ये सुया मोजण्याची पद्धत असते, लेबर रूममध्ये टाके घेतल्यावर ती क्वचितच पाळली जाते. आणि अँप्यूलचं, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीचं, तोडलेलं टोपण, जे जमिनीवर पडतं आणि केरसुणीबरोबर पुढे सरकतं. काचेला वेगळा, निळ्या खुणेचा, न टोचला जाणारा डबा आहे. ती टोपणं थेट त्यात पडावीत एवढा तो जवळ पाहिजे.

ही यादी भिंतीवरच्या रंगीत तक्त्यात नसते. तक्त्यात चार रंग असतात: पिवळा, लाल, पांढरा, निळा. प्रशिक्षणात ते चार रंग पाठ करून घेतले जातात आणि मावशींना विचारलं की त्या बिनचूक सांगतात. ते पाठ असायला हवं सिस्टरांना, इंटर्नना आणि डॉक्टरांना, कारण कुठली वस्तू कुठे पडणार हे ते ठरवतात. मावशींच्या हातात येईपर्यंत ते ठरून गेलेलं असतं. त्यांना शिकवायचं ते वेगळं: पिशवी कशी धरायची, काय नाकारायचं, आणि लागलं तर काय करायचं.

नाकारणं हा शब्द मुद्दाम वापरला. पिशवी तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त भरली असेल, तिच्यातून काही टोक दिसत असेल, गळत असेल, तर ती उचलायची नाही आणि इन्चार्ज सिस्टरांना बोलवायचं, असा लेखी नियम हवा. आणि तो अधीक्षकांच्या सहीने वॉर्डात लावलेला हवा. सहीशिवाय कंत्राटी कामगार सिस्टरांना असं सांगू शकत नाही. सही असली तरी पहिले दोन महिने कुणीतरी पाठीशी उभं राहावं लागतं. फाटक्या पिशवीतला कचरा हाताने दुसऱ्या पिशवीत भरायचा नाही. ती पिशवी आहे तशी दुसऱ्या, मोठ्या पिशवीत सरकवायची. पिशवी 50 मायक्रॉनपेक्षा पातळ नको. गाठ मारण्यापूर्वी तोंड पिळून, दुमडून घ्यायचं. मानेला धरून, शरीरापासून लांब, एका हातात एकच. ओढायची नाही, जिन्यावरून सोडायची नाही, वाहनात फेकायची नाही. वाहतूक झाकणाच्या ट्रॉलीतून, जेवणाची गाडी आणि भेटीची वेळ टाळून. आणि लिफ्ट बंद असलेल्या दुमजली इमारतीत ट्रॉली वरच्या मजल्यावर कशी न्यायची याचा विचार कुणीच केलेला नसतो, म्हणून तिथे पिशव्या खांद्यावरून उतरतात. अशा ठिकाणी झाकणाची, दोन कड्यांची प्लास्टिकची पेटी आणि ती धरायला दोन माणसं, हाच मार्ग.

आता हायपो. यावर जरा थांबावंसं वाटतं, कारण सुरक्षेच्या नावाने केलेली एक गोष्ट धोका कशी वाढवते ते इथे दिसतं.

1998 साली जैव वैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम आले, तेव्हापासून सुया आणि सिरिंजा हायपोच्या टबात भिजवायची पद्धत रुजली. 2016 च्या नियमांनी सगळी रचना बदलली. जिथे सामायिक प्रक्रिया केंद्राची (अनेक रुग्णालयांचा कचरा नेऊन त्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची) गाडी येते, तिथे लाल आणि पांढऱ्या गटातला कचरा वॉर्डात भिजवायची गरज उरलेली नाही. त्याचं निर्जंतुकीकरण केंद्रावर होतं. जागेवरच आधी प्रक्रिया करायची ती प्रयोगशाळेच्या जंतूंच्या प्लेट, रक्ताचे नमुने, रक्ताच्या पिशव्या यांच्यावर. तरीही अनेक वॉर्डांत तो निळा टब अजून आहे. त्यात सिरिंजा, नळ्या आणि त्यांच्याबरोबर चुकून गेलेल्या सुया बुडालेल्या असतात. संध्याकाळी टब उपसायचा असतो. पाणी गढूळ, तळ दिसत नाही, आणि मावशी त्यात कोपरापर्यंत हात घालून वस्तू काढतात. चाळणीचं भांडं आत असेल तर ते नुसतं उचलता येतं; ते तुटलेलं असतं किंवा नसतंच. हायपो भरलेली सिरिंज दाबली गेली तर पिचकारी थेट डोळ्यांत. ही पद्धत बंद केली की पैसेही वाचतात आणि हातही. फक्त अधीक्षकांनी एक परिपत्रक काढायला हवं, आणि टब उचलून न्यायला हवेत. टब जागेवर राहिला की आठवड्यात पुन्हा भरतो.

हायपो लागतं ते सांडलेल्या रक्तासाठी, भांड्यांसाठी, ट्रॉली पुसण्यासाठी. एक टक्क्याचं द्रावण हवं. पाच टक्क्यांचं कॅन असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत दोन लिटर हायपो, आठ लिटर पाणी. कॅनवर दहा टक्के लिहिलं असेल तर एक लिटर आणि नऊ लिटर. पुरवठा बदलला की टक्केवारी बदलते आणि भिंतीवरचं माप तेच राहतं, म्हणून प्रत्येक नव्या कॅनवर लेबल वाचूनच माप ठरवायचं, आणि ते मार्करने कॅनवर लिहायचं. ब्लीचिंग पावडर 30 टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला 33 ग्रॅम. पावडर पाण्यात घालून ढवळायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी वापरायचं. पावडरचं पोतं पावसाळ्यात उघडं राहिलं की तिचा जोर जातो; दगडासारखी झालेली पावडर टाकून द्यावी. द्रावण रोज सकाळी नवं, झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत, उन्हापासून लांब. वास येतो म्हणजे जोर आहे असं नाही. धातूच्या भांड्यात नाही, धातूच्या अवजारांवर नाही. आणि संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही नाही: दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत, खिडकी नसलेल्या ठिकाणी हे घडतं, कारण दोन्ही बाटल्या तिथेच, एकाच फळीवर ठेवलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायच्या, एवढीच काळजी पुरते.

रक्त सांडलं तर आधी त्यावर जुनं वर्तमानपत्र किंवा शोषणारं कापड पसरायचं, मग हायपो ओतायचं, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग कडेकडून मध्याकडे पुसत आणायचं. काच असेल तर सुपलीने किंवा पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी उचलायची. थेट फडकं मारलं की रक्त पसरतं आणि काच फडक्यात लपते. तेच फडकं पिळताना तळहात कापतो.

हातमोज्यांबद्दल एवढंच सांगायचं आहे की ते मापाचे हवेत. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे पुरवठ्यात येतात ते बहुधा एकाच मोठ्या मापाचे, आणि कचरा उचलणाऱ्यांत बायका जास्त. बोटांची टोकं पोकळ राहतात, पकड बसत नाही, पिशवीची गाठ मारता येत नाही, म्हणून मोजे निघतात. मग ‘दिलेले मोजे वापरत नाहीत’ अशी नोंद होते. मागणीपत्रातच माप लिहा. गमबुटांचंही तसंच, मोठा बूट ओल्या फरशीवर पाय घसरवतो. प्रत्येकाची स्वतःची जोडी, नाव लिहिलेली. काढण्यापूर्वी मोज्यांसकट हात साबणाने धुवायचे, मोजे उलटे टांगायचे, दुसऱ्या दिवशी पाणी भरून गळतात का बघायचं. तपासणीचे पातळ लॅटेक्सचे मोजे या कामाला नाहीत. एप्रिल-मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे पत्र्याच्या कचराघरात मास्क, ॲप्रन आणि बूट घालून काम करणं किती कठीण आहे ते तिथे पाच मिनिटं उभं राहिल्यावर समजतं. त्या काळात पिशव्या उचलायची वेळ पहाटेची ठेवावी आणि कचराघराला जाळीची खिडकी व पाण्याचा नळ असावा. नळ नसलेलं कचराघर म्हणजे मोजे न धुता घरी जाणारा कामगार.

आता टोचल्यानंतरचं.

पहिली पाच मिनिटं: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. दाबून रक्त काढायचं नाही, बोट तोंडात घालायचं नाही, हायपो किंवा स्पिरिट ओतायचं नाही. डोळ्यांत उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाईनने, पापण्या उघड्या धरून भरपूर धुवायचं. मग लगेच कॅज्युअल्टी, म्हणजे तातडीचा विभाग. सुई एचआयव्ही असलेल्या पेशंटची असेल तर एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते. हिपॅटायटिस सी शंभरात दोनपेक्षा कमी. हिपॅटायटिस बी मात्र, लस घेतलेली नसेल आणि पेशंटच्या रक्तात विषाणू जोरात असेल, तर शंभरात तीसपर्यंत. लोक घाबरतात ते पहिल्याला, खरा घात करतो तो तिसरा. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो, म्हणजे शुक्रवारी फेकलेली सुई पुढच्या बुधवारीही तेवढीच जिवंत.

एचआयव्हीसाठी औषध आहे. पहिल्या दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत येतात. रोज एक, 28 दिवस. पहिला डोस द्यायला कुठल्याही रिपोर्टची वाट पाहायची नसते. सुई कुणाची ते माहीत नसेल तरी पहिला डोस देऊन मग विचार करता येतो. पण ही गोळी बऱ्याच ठिकाणी आयसीटीसीच्या (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राच्या) कपाटात असते आणि आयसीटीसी संध्याकाळी बंद होतं. तिचं एक पाकीट कॅज्युअल्टीत, चोवीस तास हाताशी, मुदतीच्या तारखेची नोंद करून ठेवायला हवं. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची लस त्याच दिवशी, आणि शक्यतो 24 तासांत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). रक्ताची पहिली तपासणी त्याच वेळी, पुढे सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. पहिली तपासणी का करायची ते कामगाराला नीट सांगावं लागतं: लागण आज नव्हती याचा तो पुरावा आहे, आणि पुढे दुर्दैवाने काही निघालं तर नुकसानभरपाईचा दावा त्या कागदावर उभा राहतो. हे न सांगता रक्त घेतलं तर त्यांना वाटतं आपल्यातच काही दोष शोधत आहेत, आणि पुढच्या वेळी त्या येत नाहीत.

न येण्याची आणखी कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. ठेकेदार काढून टाकेल. घरी कळलं तर काय म्हणतील. सिस्टर ओरडतील. आणि ‘एवढंसं तर लागलंय’. नियमांप्रमाणे प्रत्येक रुग्णालयाला वार्षिक अहवालात वर्षभरातल्या अपघातांची माहिती द्यावी लागते, आणि तो अहवाल दर वर्षी 30 जूनपर्यंत जातो. त्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य लिहिलेलं असेल तर त्या रुग्णालयात कुणाला सुई टोचलेली नाही असं मी मानणार नाही; कुणी विचारलं नाही असं मानेन. चांगल्या रुग्णालयाचा आकडा सुरुवातीला वाढतो. तो वाढला म्हणून इन्चार्ज सिस्टरांना जाब विचारला, की पुढच्या महिन्यात पुन्हा शून्य.

लस हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं 2016 च्या नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. कामावर घेताना आणि नंतर दर वर्षी आरोग्य तपासणीही. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला, दंडात, कुल्ल्यात नाही. बाळांच्या नियमित लसीकरणात ही लस देशभर 2011 मध्ये आली, त्यामुळे आज काम करणाऱ्या बहुतेक मावशींना ती लहानपणी मिळालेली असणं शक्य नाही. 28 जुलै 2018 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस देण्याची तरतूद आहे. अडतं ते तिसऱ्या डोसवर. ठेका मध्येच बदलतो, नवी माणसं येतात, जुनी दुसऱ्या रुग्णालयात जातात, आणि कार्ड कुणाच्याच हातात नसतं. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिलेला तेवढा द्यायचा. हे माहीत नसल्यानेही पुष्कळ लोक अर्धवट राहतात. कार्ड कामगाराच्या स्वतःच्या हातात द्यावं, आणि त्याचा एक फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये.

जिथे गाडीच येत नाही तिथलं चित्र वेगळं आहे. 75 किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सेवा असेल तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारायची नाही, असा नियम आहे. पण धडगाव, धारणी, भामरागड अशा दुर्गम तालुक्यांतली आरोग्य केंद्रं कागदावरच्या अंतराने चालत नाहीत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि पिवळ्या पिशवीची (वार, रक्ताने माखलेला कापूस-गॉज यांची) 48 तासांची मुदत तशीच उलटते. अशा वेळी कारण नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं असतं, आणि कचरा सुरक्षित राहील एवढं पाहायचं असतं. मंडळाची परवानगी घेऊन दुर्गम भागात खोल पुरण्याचा खड्डा करता येतो. तो सुमारे दोन मीटर खोल. अर्धा भरला की चुना, पृष्ठभागापासून 50 सेंटिमीटर अंतरापर्यंत, आणि वर माती. प्रत्येक वेळी कचरा टाकला की त्यावर दहा सेंटिमीटर माती. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपासून किमान सहा मीटर वर हवा, वस्ती आणि विहीर लांब हवी, भोवती कुंपण आणि वर जाळी किंवा झाकण हवं. कुंपण नसेल तर रात्रीत कुत्री बाळंतपणातली वार उकरून काढतात, आणि सकाळी तिचे तुकडे गोळा करायला पुन्हा मावशींनाच जावं लागतं. या खड्ड्यात प्लास्टिक टाकायचं नाही. वार टाकताना पिशवी रिकामी करून पिशवी वेगळी ठेवायची, आणि हेच काम सर्वांत अंगावर उडणारं असतं, म्हणून तिथे चष्मा आणि ॲप्रन सोडू नये. सुयांसाठी वेगळी सिमेंटची बंद टाकी, वर अरुंद पाइप, पाइपला कुलूप. ती भरली की पाइप सिमेंटने बुजवायचा. उपसायची कधीच नाही.

केंद्राच्या मागे खड्ड्यात रॉकेल ओतून जाळणं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको. सुया जळत नाहीत, काळ्या होऊन राखेत राहतात आणि राख भरणाऱ्याला टोचतात. औषधाच्या बंद व्हायल (काचेच्या बाटल्या) गरम होऊन फुटतात, काच चेहऱ्यावर येते. पीव्हीसीच्या नळ्या जळताना डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं सुटतात, आणि ते जाळायला उभा राहिलेला माणूस ते सगळं ओढून घेतो.

शेवटी गोष्ट कंत्राटावर येते, कारण आज पिशवी उचलणारा माणूस रुग्णालयाच्या हजेरीपटावर नसतो. ‘ती ठेकेदाराची माणसं’ असं म्हणून अधीक्षक आणि ठेकेदार एकमेकांकडे बोट दाखवतात. नियमात असा भेद नाही. कचरा ज्या रुग्णालयात तयार होतो त्याची जबाबदारी त्या रुग्णालयाची, आणि कचरा हाताळणारे ‘इतर’ लोकही त्यातच धरलेले आहेत. म्हणून निविदेच्या मसुद्यात स्वच्छतेच्या चौरस फुटांबरोबर हेही लिहावं: प्रत्येक कामगाराला कामाच्या पहिल्या आठवड्यात हिपॅटायटिस बीचा पहिला डोस, लस आणि तपासणी रुग्णालयाच्या खर्चाने, मापाचे हातमोजे आणि बूट, फाटले की त्याच दिवशी बदली, सुई टोचल्याची नोंद केल्याबद्दल कुणालाही कामावरून काढता किंवा बदलता येणार नाही, तपासणीच्या आणि औषधाच्या दिवसांची मजुरी कापता येणार नाही, ठेका बदलला तरी लसीची नोंद नव्या ठेकेदाराकडे सोपवली जाईल. आणि दर महिन्याचं बिल मंजूर करणाऱ्याने कामगारांच्या नावांसमोर डोसच्या तारखा भरलेली यादी बिलाला जोडली आहे का ते पाहावं. जोडली नसेल तर बिल परत पाठवावं.